उसनी वाक्यं

आमच्या घरात वाक्यं नव्हती. भाकरीही रोज पुरेल इतकी नसे, पण माणूस अर्धपोटी राहिला तरी बोलतो, भांडतो, हसतो. तसं बोलणं आमच्याकडे भरपूर होतं. कागदावर टाकता येईल असं वाक्य मात्र एकही नव्हतं. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे दुसऱ्याच्या मळ्यात आबा वाट्यानं फुलं लावायचे. झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं मेथी आणि कोथिंबीर. पत्र्याची एक खोली, तीत आम्ही पाच जणं आणि दसऱ्याच्या आधी आमच्याहून जास्त जागा अडवून बसलेला झेंडूचा ढीग. ओल्या फुलांना ऊब असते, हे त्यांच्याशेजारी पाठ टेकून झोपलेल्यालाच ठाऊक. शाळेत गेले की पोरी नाकाला रुमाल लावायच्या. "आली बघ देवाची टोपली!"

आबा सायकलला दोन्हीकडून टोपल्या बांधून गोदाकाठच्या फूलबाजारात जायचे. फुलांचा भाव पाडून मागणाऱ्याला तिथल्या तिथे चार शब्द सुनावणारा हा माणूस कागद दिसला की गप्प व्हायचा. रेशन कार्डावर धाकट्या भावाचं नाव चढवायचं होतं, त्यासाठी अर्ज हवा होता. रेशन दुकानाशेजारी एक निवृत्त कारकून बसायचे, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. आईनं मेथीच्या जुड्या पिशवीत घातल्या आणि आम्ही तिघं निघालो. भाऊसाहेबांनी जुड्या आधी नीट वास घेऊन बघितल्या, मग लिहिलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "'उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की...' काय रे, कळलं का काही?"

आबा म्हणाले, "तुम्हाला कळलं ना भाऊसाहेब? मंग झालं."

"अरे, उद्या मी मेलो तर तुमचं काय होईल?"

आणि आबांनी हसून मान डोलावली. मेथीच्या जुड्या गेल्या त्याचं मला काही वाटलं नाही. ती डोलावलेली मान मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या मानेसाठी मी शिकले, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

हे सगळं दर एप्रिलला वर येतं. आमच्या कॉलेजच्या आवारातला कडुलिंब फुलून गळायला लागतो, पार्किंगमधल्या गाड्यांच्या सीटवर त्याचा पिवळसर भुगा साचतो. हायवेवरून द्राक्षाचे शेवटचे टेम्पो जात असतात. वर्गातले पंखे खटखट करत फिरतात आणि बाहेर व्हरांड्यात पोरं-पोरी भिंतीला टेकून, डोळे मिटून, ओठ हलवत उभी असतात. पाठांतर. नाशिकच्या उन्हाळ्याला संध्याकाळी थोडी दया येते, पाचनंतर वारा सुटतो. पण परीक्षेच्या दिवसांत ती दयासुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. मी समाजशास्त्र शिकवते. यंदाही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर आहेत आणि त्यांच्यातून तेच ओळखीचे शब्द हात वर करतात. गेल्या वर्षीच्या या दिवसांत मात्र त्याच शब्दांवरून माझ्या विद्यार्थ्यांना चोर ठरवायला आमचंच कॉलेज निघालं होतं. तो राग अजून ताजा आहे. मला तो शिळा होऊ द्यायचाही नाही.

आमच्या वस्तीत उसनं मागायची एक रीत होती. साखर संपली, चहापूड संपली, की वाटी घेऊन शेजारी जायचं. त्यात लाज नसे. पण परत करताना वाटी सपाट भरून द्यायची नाही. शीग लावून द्यायची. घेतलं त्याच्यावर चार दाणे जास्त. आणि कुणाची वाटी आपल्याकडे आहे हे घरातल्या लहान पोरालासुद्धा माहीत असायचं. "ती पितळेची ठमाकाकूंची, तिच्यात लोणचं नको काढू." आईला अक्षर येत नव्हतं, पण कुठली वाटी कुणाची, यात ती कधी चुकली नाही.

मी कॉलेजात गेले ती अशीच वाटी घेऊन. पहिल्या वर्षाला मी पेपरात काय लिहिलं होतं देव जाणे. गुण बघून रडू आलं. तेव्हाच्या आमच्या सरांनी, ते आता हयात नाहीत, मला आणि माझ्यासारख्या खेड्यातून आलेल्या चौघींना वर्ग सुटल्यावर थांबवलं. म्हणाले, "तुम्हाला समजतंय सगळं. लिहायला वाक्य सापडत नाही. मी देतो. घ्या लिहून." आणि त्यांनी सांगितलं, "कोणत्याही समाजाचा विचार करताना त्या समाजाच्या भौगोलिक, आर्थिक व सांस्कृतिक घटकांचा परामर्श घेणे क्रमप्राप्त ठरते."

क्रमप्राप्त! मला अर्थ कळला नव्हता. पण तो शब्द तोंडात घोळवत मी घरी आले, आणि शेवंती तोडताना आईला म्हणाले, "आई, पाणी भरणं क्रमप्राप्त ठरते." आई म्हणाली, "ठरतंय तर भर की मंग." त्या एका वाक्यावर मी किती पेपर काढले! ते वाक्य माझ्यासाठी दाराची चौकट होतं. एकदा आत शिरलं की पुढं माझं घर मला मांडता यायचं. हळूहळू चौकटही माझी झाली. पदवी मिळाली त्या वर्षी आबांचा वीजजोडणीचा अर्ज मी लिहिला. आबांनी तो उलटसुलट करून बघितला. वाचता येत नव्हतंच. म्हणाले, "सुमे, तुझं अक्षर भाऊसाहेबापेक्षा लय बरं दिसतंय."

तेच वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना देते. पेठ, सुरगाणा, कळवण या डोंगराळ आदिवासी भागातून आलेल्या पोरांना तर पहिल्याच महिन्यात देते. त्यांच्या घरात बोलतात ती भाषा निराळी. पुस्तकी मराठी त्यांना आश्रमशाळेत भेटलेली, शिकून घेतलेली. ती लिहिताना ही पोरं सांभाळून पाय टाकतात, जशी पाहुण्यांच्या घरात वावरतात तशी. वाक्य मोडणार नाही, सांडणार नाही, याची काळजी. म्हणून त्यांचं लिहिणं सरळ, सारखं, एका मापाचं असतं. मला हे माहीत होतं. यंत्राला माहीत नव्हतं. आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी यंत्राला विचारलं.

झालं असं. गेल्या वर्षी जानेवारीत कॉलेजात दोन दिवसांची कार्यशाळा झाली. फलकावर ठळक अक्षरं: 'प्राध्यापकांसाठी उपयुक्त एआय साधने.' पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक आले होते, बोलायला चटपटीत. त्यांच्या पडद्यावर एकामागून एक साधनांची नावं पळत होती: हे प्रश्नपत्रिका काढतं, हे सारांश करतं, हे स्लाइड बनवतं. दर पाच मिनिटांनी ते म्हणत, "तुमचा वेळ वाचेल." मी हात वर केला, "वाचलेल्या वेळाचं काय करायचं?" ते गोड हसले. "मॅडम, संशोधन!" मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "आधी नॅकच्या तपासणीची फाइल तरी पुरी होऊ दे."

पण मी खोटं बोलणार नाही. घरी येऊन मी ती साधनं वापरून बघितली आणि थक्क झाले. माझ्या विषयातले चांगले लेख सगळे इंग्रजीत. वर्षानुवर्षं मी शब्दकोशात बोट ठेवून ते वाचले, परिसंवादात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले. आता तोच लेख टाकला की चहा उकळेपर्यंत मराठीत समोर. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. म्हटलं, एवढं सोपं होतं तर मला इतकी वर्षं दाराबाहेर का उभं केलं होतं? त्यानंतर एकदा त्या यंत्रानं मला एका पुस्तकाचा संदर्भ दिला. शोधलं तर असं पुस्तकच नाही. मी विचारलं, हे कुठून आणलंस? त्यानं लगेच माफी मागितली. आमच्या विभागात इतक्या चटकन माफी मागताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

आमच्या विभागात दोघंच, मी आणि विभागप्रमुख शिरीष सर. शहरातच वाढलेले, वडील प्राध्यापक, आजोबा हेडमास्तर. कामाला वाघ, शिस्तीचे पक्के, हे मान्य. कार्यशाळेतली बाकीची साधनं त्यांनी नाक मुरडून सोडून दिली आणि एकच उचललं: लिखाण माणसाचं की यंत्राचं हे सांगणारी चाळणी. "हे मात्र हवंच," म्हणाले. मदतीची इतकी हत्यारं समोर मांडलेली असताना माणसाचा हात पहिल्यांदा कशाकडे जातो, त्यावरून माणूस कळतो.

मार्चमध्ये शेवटच्या वर्षाचे प्रकल्प-अहवाल आले. विषय होता 'माझ्या गावातील पाणी'. सरांनी सगळे अहवाल चाळणीत टाकले. पडद्यावर शहरातल्या मुलांची नावं हिरवी आणि पेठ-सुरगाण्याकडच्यांची लाल. सगळ्यांची. वनिता म्हणून माझी एक विद्यार्थिनी, तिच्या नावापुढे तर ब्याण्णव टक्के यंत्राचं, असं आलं.

"बघा," सर म्हणाले, "गरीब बिचारी म्हणून आपण सवलत देतो, आणि ही मुलं आपल्याला असं फसवतात."

"सर, ही मुलं अशीच लिहितात."

"अशीच म्हणजे सगळी एकसारखी? मॅडम, भावना बाजूला ठेवा. आकडा आहे समोर."

हिरव्यांमध्ये आदित्य होता. वर्गात मागं बसणारा, गोड बोलणारा पोरगा. त्याला व्हरांड्यात गाठून मी सरळ विचारलं, "अहवाल कुणी लिहिला?" तो लाजलासुद्धा नाही. "मॅडम, यंत्रानंच. पण त्याला सांगावं लागतं, 'थोडं गावठी लिही, दोन चुका टाक.' मग पकडत नाही."

घ्या! ज्याच्या सात पिढ्या शिकलेल्या, तो यंत्राकडून गावठी चुका मागून घेतो आणि खरा ठरतो. जिच्या घरात वाक्यच नव्हतं, ती जपून, शुद्ध, बिनचुकीचं लिहिते आणि खोटी ठरते. मला वाटलं ओरडावं. व्हरांड्यात पोरं पाठांतर करत होती, म्हणून ओरडले नाही.

वनिता फोन उचलेना. ती पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची. द्राक्षाच्या हंगामात आईबरोबर पिंपळगावला पॅकहाउसमध्ये कामाला असते, एवढं माहीत होतं. मी बस पकडून गेले. आत पांढऱ्या दिव्यांखाली लांबच लांब टेबलं, डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बाया, हातात छोट्या कात्र्या. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की कोल्ड स्टोअरेजची थंडी अंगावर येते, आणि तिच्यात द्राक्षाचा तो गोड-आंबट वास. प्रत्येक टेबलाशी मण्यांचं माप बघायची कडी होती. कडीतून मणी निसटला की घड वेगळ्या क्रेटमध्ये. कडी मापच सांगते; गोडीचं तिला काही कळत नाही, आणि पॅकहाउसवाले तिला ते विचारतही नाहीत. ते निदान शहाणे.

जेवणाच्या सुट्टीत दोघी मायलेकी बाहेर आल्या. आंब्याच्या सावलीत बसलो. वनिताची आई माझ्याकडे बघेचना. शेवटी म्हणाली, "बाई, माझ्या पोरीनं काय चोरलं?"

"काही नाही चोरलं, मावशी."

"मंग त्या कॉलेजच्या सायबानं फोन करून पोरीनं नक्कल केली असं कशाला सांगितलं?"

वनिता नख कुरतडत होती. "मॅडम, मी ते यंत्र वापरलंच नाय. माझ्या मोबाइलात त्याला जागाच नाय. फोटो काढला तरी म्हणतं, आधी काहीतरी पुसा."

"मग कसं लिहिलंस?"

"इथंच. जेवणाच्या सुट्टीत टाइप केलं. तुम्ही शिकवलं तसं. आधी प्रास्ताविक, मग क्रमप्राप्त, मग माझं." थोडं थांबून ती म्हणाली, "मॅडम, मला नापास करा. चालंल. पण नक्कल असं लिहू नका. पाड्यावरून कॉलेजात मी पहिलीच हाय. माझ्यामागं दोन पोरी बारावीला हायत. मी चोर ठरले तर त्यांना कोण धाडंल?"

भोंगा वाजला. तिच्या आईनं उठता उठता माझ्या हातात द्राक्षाचा एक घड ठेवला. मापात न बसलेला. परतीच्या बसमध्ये मी तो खात आले. साखर होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. प्राचार्य टेबलाच्या पलीकडे, अलीकडे शिरीष सर आणि मी, कोपऱ्यात ऑफिसचे गायकवाडभाऊ संगणकाशी. प्राचार्य मूळचे बागलाणातले, शांत, निवृत्तीला आलेले. त्यांना भांडण नको असतं. म्हणाले, "मॅडम, उद्या विद्यापीठानं विचारलं तर मी काय दाखवू? पडद्यावर तर लाल दिसतंय."

मी म्हटलं, "सर, त्या चाळणीत मला एक वाक्य टाकून बघायचंय. गायकवाडभाऊ, मी सांगते, तुम्ही टाइप करा. 'कोणत्याही समाजाचा विचार करताना त्या समाजाच्या भौगोलिक, आर्थिक व सांस्कृतिक घटकांचा परामर्श घेणे...'"

मी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात प्राचार्य, समोरच्या कागदावर सही करता करता, मान वर न करताच म्हणाले, "...क्रमप्राप्त ठरते."

गायकवाडभाऊंनी आधीच टाइप करून टाकलं होतं. मी न सांगता.

"तुम्हाला कसं माहीत, भाऊ?"

"मॅडम, मीपण बी.ए. आहे. बाहेरून दिलंय, पण आहे. गाइडात होतं ते."

प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांना हसू फुटलं. "अहो, मी तर हे वाक्य आमच्या बोर्डिंगच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. त्याच्यावर सगळा पेपर दोन काढला." शिरीष सर हसले नाहीत. चाळणीनं उत्तर दिलं होतं, लालभडक. आमच्या सरांनी माझ्या तरुणपणी सांगितलेलं वाक्य, जेव्हा अशी यंत्रं कुणाच्या स्वप्नातही नव्हती, ते यंत्राचं म्हणे!

माझा तोल तिथं सुटला. मी म्हणाले, "सर, या हिशोबानं मी यंत्र, प्राचार्य यंत्र, गायकवाडभाऊ यंत्र. पुस्तकातून भाषा शिकलेला माणूस पुस्तकासारखंच लिहिणार. ज्यांच्या घरात पाळण्यापासून वाक्यं आहेत त्यांना वाकडंतिकडं लिहायची चैन परवडते. आमच्या पोरांना नाही परवडत. त्यांची एक मात्रा चुकली की तुम्हीच लाल शाईनं गोल करता. आधी शुद्ध लिहा म्हणून मारलं, आता शुद्ध लिहिलं म्हणून मारताय. नेमकं कसं जगायचं त्यांनी?"

"आवाज कमी," शिरीष सर म्हणाले.

"आवाज आमचा असाच आहे, सर. फूलबाजारातला."

प्राचार्य म्हणाले, "तोंडी घ्या. प्रत्येकाशी त्याच्या अहवालावर बोला. शिरीष सर, तुम्हीच विचारा." एवढं साधं होतं. मुलाला समोर बसवून विचारायचं, बाळ, हे कसं लिहिलंस? माणसानं माणसाशी बोलायचं. इतकी साधनं शिकून झाल्यावर हे आम्हाला शेवटी सुचलं.

वनिता आली ती धुतलेल्या जुन्या पंजाबी ड्रेसमध्ये, बोटांवर द्राक्षाच्या देठांचे काळे डाग घेऊन. माझ्या लहानपणी माझी बोटं झेंडूनं अशीच पिवळी असायची. शिरीष सरांसमोर तिच्या अहवालाची छापील प्रत, लाल रेघांनी भरलेली.

"हे वाक्य तुझं आहे?"

"नाय सर. हे मॅडमचं हाय. मॅडमला त्यांच्या सरांनी दिलेलं."

सरांनी पान उलटलं. "आणि हे, 'पाणी हे मानवी जीवनाचे अविभाज्य अंग होय'?"

"हे आश्रमशाळेतल्या गुरुजींचं. ते प्रत्येक निबंधात लिहायला लावायचे. गाईवर निबंध असला तरी."

"हे?"

"हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलंय, सर. ते मीच उतरवून घेतलं."

तिला काही लपवायचं नव्हतं. ही ठमाकाकूंची वाटी, ही शेजारणीची, तसं ती एकेक पुढं करत होती. सरांचा स्वर जरा चढला. "मग या सगळ्यात तुझं काय आहे?"

तिनं प्रत ओढून घेतली, पानं चाळली आणि बोट ठेवलं. तिथंही लाल रेघ होती. तिनं वाचलं, "'उन्हाळ्यात विहिरीवर नंबर लागतात. ज्या घरात बाळंतीण आहे त्या घराचा हंडा पुढे सरकवला जातो. भांडण असले तरी सरकवला जातो.'"

"हे कुठून घेतलंस?"

"कुठून नाय, सर. माझाच हंडा मागं सरकवलेला. जिच्यासाठी सरकवला तिच्याशी आमचं बोलणं नव्हतं. लय राग आलेला."

सरांनी पुढचे प्रश्न विचारले. सामाजिक स्तरीकरणाची व्याख्या तिला आली नाही. सर्वेक्षणाच्या पद्धतीत ती गडबडली. एका प्रश्नाला तर तिनं चक्क "नाय माहीत" म्हटलं. मधे बोलायचं मला धाडस झालं नाही, आणि बरंच झालं. कारण मला या गोष्टीत कुणी हिरकणी नकोच होती. या देशात आमच्या पोरांना नुसतं खरं ठरायलाही असामान्य असावं लागतं; आदित्यला मात्र साधारण असून प्रामाणिक गणलं जातं. मला वनितासाठी तेवढाच हक्क हवा होता: साधारण असण्याचा. चुकण्याचा, अडखळण्याचा, तरीही चोर न ठरण्याचा.

ती गेल्यावर सर म्हणाले, "ठीक आहे. काढून टाका ते लाल. गुण काय द्यायचे ते बघा, तुमची विद्यार्थिनी आहे."

"आपली, सर."

बाकीच्या सगळ्यांची तोंडी त्यांनीच घेतली, दुपारभर, उन्हात, पंखा बंद पडलेल्या खोलीत. त्यांच्या शिस्तीला मी तेवढं श्रेय देते. आदित्यला त्यांनी विहिरीबद्दल एकच प्रश्न विचारला. त्याच्या अहवालातली विहीर कुठं आहे हे त्यालाच माहीत नव्हतं. त्याला अहवाल पुन्हा लिहावा लागला. प्राचार्यांनी सूचनाफलकावर दोन ओळींचा कागद लावला: यंत्र लाल दाखवते म्हणून कोणत्याही विद्यार्थ्यास दोषी धरू नये, आधी विद्यार्थ्याशी बोलावे. भाषा त्यांचीच होती. 'क्रमप्राप्त' नव्हतं तिच्यात, मी बघितलं.

लोकांना वाटतं मी यंत्राविरुद्ध आहे. नाही हो. मी त्याला रोज कामाला लावते. माझ्यासारखीच्या हातात इतकी वर्षं कुणी काही दिलं नाही. आता आलंय तर मी ते का टाकून देऊ? राग यंत्रावर नाही. मदतीला आलेल्या वस्तूचा आधी दंडुका करून बघतात, आणि तो पहिल्यांदा कुणाच्या पाठीत घालतात, त्यावर आहे. आबा म्हणायचे, नवीन बैल आला की पाटील त्याला आधी दुसऱ्याच्या पिकात सोडून बघतो.

यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एक केलं. यंत्राला बजावून सांगितलं: तू एक ओळही लिहायची नाही, फक्त विचारायचं. एकेक विद्यार्थी पुढं येऊन विषय सांगतो आणि ते त्याला प्रश्न विचारत जातं. सुरगाण्याची एक पोरगी कधी तोंड उघडत नव्हती. वर्गात 'हाय-नाय' म्हटलं की मागून कुणीतरी खुदकन हसतं, म्हणून. यंत्र हसत नाही. त्यानं तिला विचारलं, तुमच्या गावात पाण्यावरून भांडण झालं तर ते कोण मिटवतं? ती म्हणाली, "मॅडम, याला तर काहीच माहीत नाय!"

"मग तू सांग की त्याला."

तिनं वहीत पानभर लिहिलं. पहिलं वाक्य माझंच होतं, क्रमप्राप्तवालं. मी ते खोडलं नाही. पुढची सगळी तिची होती, वाकडी, धसमुसळी, जिवंत. शीग लावून परत आलेली वाटी.

गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका मी उघडते. बाहेर कडुलिंबाचा भुगा उडतोय. पेपरावर नाव नसतं, पण पहिल्या ओळीवरूनच मला कळतं की हे पोर डोंगरातून आलंय, आणि कुणीतरी त्याला हे वाक्य हातात देऊन दारापर्यंत सोडलंय. त्या ओळीला मी हिरव्या शाईनं बरोबरची खूण करते.

गेल्या जूनमध्ये निकाल लागला. वनिता सेकंड क्लासमध्ये बी.ए. झाली, तिच्या पाड्यावरची पहिली पदवीधर. बारावीला असलेल्या त्या दोघी पोरी यंदा आमच्याकडे पहिल्या वर्षाला आहेत.